संकेतस्थळ चकाचक, पण भिंतीचा हिशेब कुठाय? कार्यालयांची पारदर्शकता मोजायची तरी कशी

नाल्याकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

२०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारची शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम झाली, आठवत असेल. सात कलमं होती, त्यात संकेतस्थळ हे एक ठळक कलम. मूल्यमापन क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडे होतं. निकाल लागले, सत्कार झाले, पेपरात फोटो आले. मी टीका करायला बसलेलो नाही. त्यानंतर बरीच संकेतस्थळं खरंच सुधारली. मोबाईलवर उघडतात, मराठीत दिसतात, फोन नंबर लागतात. आधी तेही नव्हतं.

पण माझा एक साधा प्रश्न घेऊन मी बसलो आणि चक्रावलो.

मी नागपुरात नाल्याला लागून राहतो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, डागा ले-आऊटपासून मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत पाणीच पाणी, ते सगळं तुम्ही पाहिलंय. नंतर आमच्याकडच्या तुटक्या संरक्षक भिंतीचं काम निघालं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं: भिंत किती रुपयांची, कुणाला दिली, कधी पुरी व्हायची आणि आजवर किती बिल निघालं?

कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कार्यालयाचा नाही. मिळालं ते असं. अंदाजपत्रकाच्या पीडीएफमध्ये नाले आणि भिंती मिळून एकच ओळ, एकच ढोबळ आकडा. निविदा पोर्टलवर निविदा आहे, तिला तिचा स्वतःचा क्रमांक. मंजुरीचा ठराव स्कॅन करून टाकलाय, पान तिरपं आणि शिक्का नेमका रकमेवर. जागेवर बोर्ड लावलाय, त्यावर कामाचं नाव निविदेतल्या नावाशी जुळत नाही, कारण बोर्डवर नगरसेवकांच्या काळातलं जुनं नाव आणि निविदेत साखळी क्रमांक (म्हणजे नाल्यावरच्या अंतराचा आकडा). बिलं कुठेच नाहीत.

म्हणजे पाच ठिकाणी पाच तुकडे. प्रत्येक तुकडा 'प्रसिद्ध' आहे. तपासणीवाला आला तर अंदाजपत्रक आहे का, आहे. निविदा आहेत का, आहेत. ठराव आहेत का, आहेत. पैकीच्या पैकी. आणि माझ्या चारपैकी दीड प्रश्नाचं उत्तर मिळालं.

शासन निर्णयाचं बघा. खाली ठरलेलं वाक्य असतं, 'सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक असा आहे' आणि पुढे लांबलचक आकडा. तो टाकला की नेमका तोच कागद निघतो. जीआरला जे जमलं ते एका भिंतीला का जमू नये?

माझं म्हणणं: पारदर्शकता मोजताना 'काय काय टाकलंय' हे मोजूच नये. नागरिकाचा खरा प्रश्न घ्यावा आणि उत्तरापर्यंत पोचता येतं का, ते मोजावं. नागपुरात आपण चार डोकी मिळून असं काही करू शकतो का? पद्धत सुचवा. तोंडपाटीलकी नको, ती माझ्याकडे भरपूर आहे.

---

तर्री_मारके

दीड प्रश्न? लकी आहेस बे. आमच्या ले-आऊटच्या रस्त्याचा बोर्डच चोरीला गेला. आता तो रस्ता कोणाचा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) का मनपाचा, हेच कोणी सांगून नाही राहिलं.

---

आकडेशास्त्री

धागा चांगला आहे. पार्श्वभूमी थोडी लिहितो, कारण या मोजणीचे खेळ जगभर झालेत.

खुल्या डेटाची सगळ्यात सोपी पट्टी टिम बर्नर्स-लीने २०१० मध्ये दिली, पाच ताऱ्यांची. खुल्या परवान्याने नेटवर काहीही टाकलं, अगदी स्कॅन केलेलं पानही, तर एक तारा. यंत्राला वाचता येईल अशा रचनेत, म्हणजे एक्सेलमध्ये, तर दोन. कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरवर न अडणाऱ्या साध्या तक्त्यात, म्हणजे सीएसव्हीमध्ये, तर तीन. प्रत्येक गोष्टीला कायमचा पत्ता दिला तर चार. आणि तुमची माहिती दुसऱ्याच्या माहितीला जोडली तर पाच. नाल्याकाठचा म्हणतोय ते 'भिंतीला क्रमांक द्या' हे चौथ्या-पाचव्या ताऱ्याचं प्रकरण आहे. आपण अजून पहिल्याच ताऱ्यावर अडकलोय, तेही परवान्याचं कुणी बघत नाही म्हणून.

आपल्याकडे केंद्राचं डेटा धोरण २०१२ चं, त्याच वर्षी राष्ट्रीय डेटा पोर्टल आलं, आणि खुला परवाना २०१७ मध्ये. राज्यांमध्ये सिक्कीम, ओडिशा, तेलंगणा यांनी स्वतःची धोरणं केली. शहरांमध्ये पुण्याने बऱ्यापैकी लवकर स्वतंत्र पोर्टल काढलं. स्मार्ट सिटी मिशनमध्ये शहरांच्या 'डेटा परिपक्वते'चं मूल्यमापन झालं, त्यात आपलं नागपूरही होतं. पण या बहुतेक मोजण्यांत एक दोष आहे: डेटा अधिकारी नेमला का, धोरण केलं का, डेटाचे किती संच टाकले, असं विचारतात. संचांची संख्या विचारली की एकाच तक्त्याचे दहा झोनप्रमाणे दहा तुकडे करून दहा संच टाकता येतात. मी असं पाहिलंय.

---

वर्ध्याची_परदेशात

मी सध्या स्पेनमध्ये आहे म्हणून लिहिते. इथे १७ स्वायत्त प्रांत आहेत, आपल्या राज्यांसारखे, आरोग्य आणि शिक्षण त्यांच्याकडे. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या इथल्या शाखेने २०१० पासून या प्रांतांचा पारदर्शकता निर्देशांक काढायला सुरुवात केली. ८० निर्देशक. आधी हे लोक स्वतः संकेतस्थळ तपासायचे, मग तो तक्ता प्रांताच्या सरकारला पाठवायचे की बाबा, काही राहिलं असेल तर सांगा.

झालं काय, सरकारांनी ते ८० मुद्दे समोर ठेवले आणि एकेक टाकत गेले. चांगलंच झालं ना! माहितीचा कायदा इथे २०१३ मध्ये आला, म्हणजे निर्देशांक कायद्याच्या आधी. पण पुढच्या फेऱ्यांमध्ये सगळेच शंभराच्या आसपास पोचायला लागले. सगळे वर्गात पहिले. मग मोजून फरक काय कळणार? इथले अभ्यासक तेव्हापासून हेच म्हणताहेत की 'आहे / नाही' अशी खूण करायची पद्धत सुरुवातीला कामाची, नंतर निकामी.

एक लक्षात घ्या पण. पहिली काही वर्षं त्या यादीनेच काम केलं. म्हणून यादीला अगदीच हिणवू नका.

---

लेखाशीर्ष_२२१७

मी लेखा विभागातून निवृत्त झालो. दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून हा प्रपंच.

आपण समजता की माहिती दडवली जाते. कधीकधी दडवली जातेही, नाकारत नाही. पण बहुतांश वेळा माहिती दडवायला ती आधी एका जागी असावी लागते. भिंतीचंच घ्या. अंदाजपत्रक लेखा विभाग करतो, लेखाशीर्षानुसार, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी बांधकामाच्या नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये. निविदा निविदा लिपिकाकडे. मोजमाप पुस्तिका कनिष्ठ अभियंत्याच्या कपाटात, आणि ती आजही अनेक ठिकाणी हाताने लिहिली जाते. देयक परत लेखा विभागात, पण आता कंत्राटदाराच्या नावाने, कामाच्या नव्हे. या साखळीत एकच क्रमांक कुणी कधी चालवलाच नाही, कारण कुणालाच तो लागला नाही. ऑडिटवाला येतो तेव्हा तोही नस्ती मागवतो आणि बोटाने जुळवतो.

आणि संकेतस्थळ कोण चालवतं? एखादा कंत्राटी संगणक चालक. त्याचं कंत्राट संपलं की पासवर्डही जातो. वरून पत्र येतं, 'सात दिवसांत कलम ४ ची माहिती अद्ययावत करा' (माहिती अधिकार कायद्यातलं, स्वतःहून जाहीर करायच्या माहितीचं कलम). मागच्या वर्षीची पीडीएफ उघडायची, वर्ष बदलायचं, साहेबांची सही, स्कॅन, अपलोड. अनुपालन अहवाल सादर. एवढंच.

जिथे पैसा अडकतो तिथे मात्र माहिती आपोआप बाहेर येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अटच घातली की लेखे ऑनलाइन प्रसिद्ध केल्याशिवाय अनुदान नाही. वर्षानुवर्षं रखडलेले लेखे एकाएकी पूर्ण झाले. राज्याची बीम्स ही निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली बघा, कोणत्या शीर्षात किती तरतूद आणि किती वितरित, घरी बसून दिसतं. कारण निधी त्यातूनच सुटतो. म्हणजे जी प्रणाली कामासाठी वापरली जाते तिची माहिती ताजी. जी 'दाखवण्यासाठी' वेगळी केली जाते ती शिळी.

आपल्या मोजणीत हा एक प्रश्न जरूर टाका: ही माहिती कार्यालय स्वतः वापरतं का?

---

नाल्याकाठचा

लेखाशीर्ष काका, शेवटचा प्रश्न थेट घेतला. पण तो बाहेरून ओळखायचा कसा?

---

लेखाशीर्ष_२२१७

तारखेवरून. रोजच्या कामातली माहिती रोज बदलते. सगळ्या नोंदींवर एकच तारीख असेल, आणि ती मार्चअखेरची किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या दिवसाची असेल, तर काय ते समजावं.

---

तर्री_मारके

काका 😂😂 हे तर इंजेक्शन दिलं तुम्ही.

---

जोडपत्र_अ

माहिती अधिकारवाला म्हणून बोलतो. ज्याला यादी म्हणून हिणवलं जातंय ती यादी कायद्यात आहे, विसरू नका. कलम ४(१)(ब), १७ बाबी, आणि कायदा झाल्यापासून १२० दिवसांत टाकायच्या होत्या. कायदा २००५ चा. ४(२) तर स्पष्ट सांगतं की माहिती स्वतःहून इतकी द्या की लोकांना अर्ज करायची गरजच कमीत कमी पडावी. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती आयोगांना सांगितलं की कलम ४ च्या अंमलबजावणीवर आणि त्रयस्थ तपासणीवर लक्ष ठेवा.

आता यातून मोजायचं माप निघतं. सांगतो.

एखाद्या कार्यालयात वर्षभरात आलेल्या माहिती अर्जांचं रजिस्टर बघा. (ते बघायला मिळतं, अर्ज करूनच, आता हसा.) त्यातले किती अर्ज अशा माहितीसाठी आहेत जी कलम ४ खाली आधीच बाहेर असायला हवी होती? रस्त्याचा कार्यादेश, ले-आऊट मंजुरीची प्रत, शिधापत्रिकांची संख्या, भरतीची गुणवत्ता यादी. जितके जास्त, तितकं ते कार्यालय बंद. संकेतस्थळ कितीही देखणं असो.

दुसरं माप: उत्तर कोणत्या स्वरूपात देतात. कलम ७(९) म्हणतं, ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सर्वसाधारणपणे द्यावी, फारच साधनसामग्री खर्ची पडत असेल तर गोष्ट वेगळी. 'इलेक्ट्रॉनिक स्वरूपात' हे तर कलम २ मध्येच आहे. तरी एक्सेल मागितली की छापून, झेरॉक्स काढून, पानाला दोन रुपये लावून हातात देतात. एका कार्यालयाने मला संगणकावरून छापलेला तक्ता स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये दिला. तक्ता कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला. मूळ फाईल मागितली तर म्हणे ती 'साहेबांच्या संगणकात' आहे. बाहेरगावी बदली झालेल्या साहेबांच्या.

तिसरं: अपील. पहिलं अपील ३० दिवसांत, फार तर ४५ मध्ये निकाली काढायचं असतं. दुसरं अपील आयोगाकडे, आपल्याकडे नागपूर खंडपीठ. राज्यभरात आयोगाकडे प्रलंबित अपिलं आणि तक्रारी २०२४ मध्ये लाखाच्या वर होत्या, देशात सगळ्यात जास्त. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. पण दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागेपर्यंत माहिती अधिकारी निवृत्त. म्हणून मोजताना कागदावरची मुदत मोजू नका, प्रत्यक्ष लागलेले दिवस मोजा.

आणि हो, महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे, एका अर्जात एकच विषय. प्रश्न त्या हिशेबाने बेतशीर करा.

---

आकडेशास्त्री

फॉन्टचा मुद्दा मी विसरलोच होतो आणि तो फार मोठा आहे. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की 'महानगरपालिका'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. म्हणजे डोळ्याला मराठी दिसतं, यंत्राला नाही. गुगललाही नाही. तुम्ही 'संरक्षक भिंत' शोधलं तर तो कागद कधीच वर येणार नाही, जरी तो दहा वर्षं जाहीर पडून असला तरी. एखाद्या परदेशी निर्देशांकात हा निकष सापडणार नाही, तो आपणच घालायला हवा: मजकूर निवडून पेस्ट केल्यावर युनिकोड मराठी येतं का? हो किंवा नाही. पाच सेकंदांची चाचणी.

---

उमरेडची_ताई

सगळे शहरातले बोलून राहिले म्हणून मी लिहिते. मी बचत गटाचं काम करते, गावं फिरते.

रोहयोचं संकेतस्थळ तुमच्या सगळ्या कसोट्यांवर उतरंल. गावाचं नाव टाका, हजेरीपट निघतो. कोणाला किती दिवस काम, किती मजुरी, खात्यात कधी पडली. कामाला क्रमांक बी आहे, नाल्याकाठच्या भाऊंना पाह्यजे तसा. पण गावातल्या बाईला विचारा, तुझे किती दिवस भरले? तिला नाही माहीत. तिच्याकडं साधा फोन. संकेतस्थळावर नावं, मथळे इंग्रजीत. मग ती रोजगार सेवकालाच विचारते, आणि तो सांगंल ते खरं. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवाचं त्यालाच विचाराचं.

राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी जनसुनवाया केल्या ना, तिथं हजेरीपट गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवत. मेलेल्यांची नावं निघाली की गाव उठून उभं राहत होतं. माहिती अधिकाराचा कायदा तिथून आला. मग २०१९ मध्ये त्याच राज्यात जन सूचना पोर्टल झालं, सगळ्या योजनांची गावनिहाय माहिती एका जागी, अर्ज न करता. ते करताना सरकारनं या लोकांना सोबत बसवलं होतं, म्हणून त्यात प्रश्न गावातले आहेत, तक्ते विभागाचे नाहीत.

आमच्याकडं एका ग्रामपंचायतीनं भिंतीवर रंगवून लिहिलं आहे, वित्त आयोगाचे किती आले, कशावर गेले. एकही तारा नाही भेटणार त्याले. पण मी पाहिलं, पोरं शाळेतून येता येता वाचतात, आणि एकानं उपसरपंचाला विचारलं की 'काका, बोअर कुठी आहे?' बोअर नव्हती. महिन्याभरात झाली.

तर तुमच्या मोजणीत एक खण ठेवा: ज्याची माहिती आहे त्याले ती कळली का?

---

वर्ध्याची_परदेशात

ताई, 🙏. हा खण स्पेनच्या ८० मध्ये नव्हता.

---

गोपनीय_पण_खुला

ताईंच्या उदाहरणावरूनच एक शंका. बाईचं नाव, तिची मजुरी, बँकेत कधी पडली, हे जगाने का पाहावं? घरकुलाच्या यादीत आधारचे आकडे उघडे पडलेले मी पाहिलेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललं, वैयक्तिक माहिती आता आधीपेक्षा सहज नाकारता येते. तुम्ही 'जितकं उघडं तितके गुण' असा तक्ता केला तर बेफिकीर कार्यालयाला गुण मिळतील.

---

जोडपत्र_अ

शंका रास्त, पण वारा उलटा वाहतोय हे बघा. पूर्वी ८(१)(ञ) मध्ये होतं की माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती खासगीपणावर अकारण आघात करणारी असेल तर नाकारा. आता नुसतं 'वैयक्तिक माहितीशी संबंधित' एवढं पुरतं. हजेरीपटावर नाव नसेल तर मेलेल्या माणसाच्या नावावर उचललेली मजुरी पकडणार कशी? अभियंत्याचं नाव, कंत्राटदाराचं नाव, हे सगळं 'वैयक्तिक'मध्ये ढकललं जाणार, बघाल तुम्ही. कलम ८(२) मधलं व्यापक जनहिताचं कारण अजून शिल्लक आहे, पण ते अर्जदाराने पटवून द्यायचं.

---

उमरेडची_ताई

आधार आणि खाते नंबर झाकाच. गावाचं काम आणि नाव झाकू नका. गावात तसंही सगळ्यांले सगळं माहीत असते, फक्त कागदावर काय लिहिलं ते माहीत नसते.

---

अनुशेष_भरा

मंडळी, तुम्ही संकेतस्थळात अडकलात. विदर्भाच्या माणसाने पारदर्शकता म्हटलं की पहिला प्रश्न एकच विचारावा: आमच्या वाट्याचा पैसा कुठे गेला?

वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजला तेव्हा जिल्हा हे एकक धरलं. राज्याच्या सरासरीच्या खाली कोण किती, त्यावरून रक्कम काढली. सुमारे ३,१८६ कोटी, त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास. केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यापर्यंत खाली उतरून विचार केला. एकक बदललं की चित्र बदलतं. नागपूर जिल्हा सरासरीत बरा दिसतो कारण त्यात शहर आहे, तोच भिवापूर किंवा पारशिवनी वेगळा काढा.

विदर्भ विकास मंडळ राज्यघटनेच्या ३७१(२) खाली १९९४ मध्ये आलं, मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मंडळ होतं तेव्हा निदान दर वर्षी कुणीतरी विभागनिहाय आकडे मागत होतं, अहवाल छापत होतं, आमदार ते अहवाल घेऊन हिवाळी अधिवेशनात उभे राहत होते. आता तेच आकडे शोधायचे तर बीम्समधून एकेक लेखाशीर्ष चाळा आणि जिल्हा स्वतः जोडा. माहिती आहे हो, लेखाशीर्ष साहेब म्हणतात तशी ताजीही आहे. पण विभागनिहाय बेरीज करून देणारा कुणी नाही. १९५३ च्या नागपूर करारात

---

संपादक मंडळ

अनुशेष_भरा, आकड्यांचा मुद्दा या धाग्याशी संबंधित आहे, तो ठेवलाय. नागपूर करारापासून पुढचा मजकूर 'वेगळा विदर्भ' धाग्यावर हलवला आहे. तिथे तसेही ४० पानं झालीत.

---

अनुशेष_भरा

हलवा. आमचं सगळं दुसरीकडेच हलवलं जातं. 😀

---

आकडेशास्त्री

थट्टा बाजूला, एककाचा मुद्दा पक्का आहे. माहिती कितव्या पातळीपर्यंत फोडलेली आहे ते मोजायलाच हवं. नागपूर मनपाचे दहा झोन. खर्च पूर्ण शहराचा एकच आकडा असेल तर आशीनगर आणि धरमपेठमधला फरक कधी दिसणारच नाही.

एक चांगलं उदाहरणही देतो, नुसती रडगाणी नकोत. हवेचं प्रदूषण. सिव्हिल लाईन्सला जीपीओसमोर, महाल, रामनगर आणि अंबाझरी अशी चार स्वयंचलित केंद्रं आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून त्यांचे आकडे तासातासाचे, कुणालाही, अर्ज न करता उतरवता येतात. तारीख निवडा, केंद्र निवडा, एक्सेल. प्रश्न विचारून बघा: दिवाळीच्या रात्री महालात हवा कशी होती? पाच मिनिटांत उत्तर. दुसरं महारेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाचं. २०१७ पासून नोंदणी कराव्या लागणाऱ्या प्रत्येक बांधकाम प्रकल्पाला नोंदणी क्रमांक, तोच क्रमांक जाहिरातीत, करारात, संकेतस्थळावर. बिल्डरच्या इमारतीला जे बंधन घातलं ते सरकारने स्वतःच्या भिंतीला घातलेलं नाही, एवढंच.

(हवेच्या बाबतीत या चारपैकी एकही केंद्र कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज प्रकल्पांच्या अंगणात का नाही, हा प्रश्न मात्र कुठल्याच पारदर्शकता निर्देशांकात येत नाही. जे मोजलंच नाही ते उघडं करण्याचा प्रश्नच नसतो.)

---

नाल्याकाठचा

बरं, आता पद्धत लिहितो. विरोध असेल तर इथेच सांगा.

निर्देशक नाहीत, प्रश्न असतील. मनपाच्या दहा झोनमधून प्रत्येकी एक नुकतंच झालेलं किंवा चालू असलेलं काम निवडायचं, रस्ता, नाली, भिंत, काहीही, पण जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहिलेलं. प्रश्न तेच चार: किती रुपये, कुणाला, कधीपर्यंत, किती बिल. सोबत जिल्ह्यातल्या काही ग्रामपंचायतींतही तसंच एकेक काम, ते ताई ठरवतील.

आधी फक्त नेटवर शोधायचं. मिळालेल्या प्रत्येक उत्तरापुढे तीन गोष्टी लिहायच्या: तारीख कोणती आहे, मजकूर पेस्ट होतो का, आणि एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर कोणत्या क्रमांकाने गेलात. क्रमांक नसेल आणि अंदाजाने जुळवलं असेल तर तसं लिहा. नेटवर नाही मिळालं तर झोन कार्यालयात जाऊन तोंडी विचारायचं. तिथेही नाही तर अर्ज, आणि मग दिवस मोजायचे. शेवटी त्या कामाच्या शेजारी राहणाऱ्या कुणाला तरी तेच चार प्रश्न विचारायचे, ताईंच्या खणासाठी.

सगळ्यांचा मिळून एक आकडा काढायचा नाही. क्रमवारी तर नाहीच.

---

वर्ध्याची_परदेशात

क्रमवारी नाही तर पेपरवाले छापणार नाहीत. इथेही क्रमवारी होती म्हणूनच प्रांतांची सरकारं धावली. हे गोड वाटत नसलं तरी खरं आहे.

---

नाल्याकाठचा

मान्य आहे, पण क्रमवारी काढली की दहावा झोन पहिल्याशी भांडत बसतो आणि साखळीतला तुटका दुवा बाजूलाच राहतो. छापायचं तर असं छापा: दहापैकी किती कामांचं बिल कुणालाच सापडलं नाही. ती बातमी होते की नाही बघू.

---

लेखाशीर्ष_२२१७

एक दुरुस्ती. झोन कार्यालयात तोंडी विचाराल तेव्हा कनिष्ठ अभियंत्याला अडवू नका, तो उन्हातान्हात फिरत असतो. बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) पत्र द्या, पोच घ्या. पोचेवरचा आवक क्रमांक तुमच्या तक्त्यात लिहा. कार्यालयाला त्याचा स्वतःचा क्रमांक दाखवला की ते बोलतं. आणि 'बिल किती निघालं' असं विचारू नका, 'आजअखेर प्रदान रक्कम, चालू देयक क्रमांकासह' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं छापील उत्तर तयार असतं.

---

जोडपत्र_अ

काका, हे वाक्य मी चोरतोय.

---

गोपनीय_पण_खुला

तक्त्यात अधिकाऱ्यांची नावं नको, पदनाम पुरे. शेजाऱ्यांची तर नकोच.

---

नाल्याकाठचा

ठरलं. तक्ता उघडा ठेवलाय, दुवा माझ्या प्रोफाईलवर आहे. आतापर्यंत धरमपेठ मी, लक्ष्मीनगर आकडेशास्त्री, गांधीबाग आणि सतरंजीपुरा जोडपत्र_अ, धंतोली काका. मंगळवारी आणि लकडगंजसाठी दोघांचे निरोप आलेत. आशीनगर, नेहरूनगर, हनुमाननगर रिकामे आहेत.

---

तर्री_मारके

हनुमाननगर माझ्याकडे लिहा. आमचा तो बिनबोर्डाचा रस्ताच घेतो. पण तो नासुप्रचा निघाला तर?

---

लेखाशीर्ष_२२१७

तर दोन्हीकडे पत्र द्या. जे कार्यालय आधी 'आमचा नाही' असं लेखी देईल, त्याला पहिल्या खणात पूर्ण गुण.